कोठीतली सून आणि आमच्या विहीणबाई

भुतालाही आधी 'जेवलास का?' असं विचारील अशी बाई अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात एकच आहे, आणि ती नेमकी माझ्या लेकीची सासू आहे. देऊळघाटच्या या आमच्या विहीणबाईंना चौकशीचं भारी वेड. एसटीत शेजारी बसलेल्या बाईचं माहेर, दुखणं, तिच्या गाईचं वेत, सगळं त्यांना उतरायच्या आत कळलेलं असतं. एकदा आमच्याकडे मीटर बघायला आलेल्या माणसाला त्यांनी इतकं विचारलं, की तो बिचारा मीटर न बघताच गेला.

मागं त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन इथं चिखलीत झालं. घरी धूळ फार, म्हणून पंधरा दिवस माझ्याकडे राहिल्या. डॉक्टरांनी बंदी वाचायला घातली होती, बोलायला नाही! मी तेव्हा लायब्ररीतून एक कादंबरी आणली होती. रानात एकटं पडलेलं घर, कोरडी विहीर, विक्षिप्त पाटील आणि त्यानं धान्याच्या कोठीत कोंडून ठेवलेली सून. माझ्याच अंगावर काटा यायचा, यांना सोसेल का? तरी दुपारी मोठ्यानं वाचायला बसले. विहिरीतून रडण्याचा आवाज येतो, तिथं मुद्दाम थांबले.

काळ्या चष्म्याआडून विहीणबाई म्हणाल्या, "ते रडणं राहू द्या हो. त्या दिवशी म्हशीले पाणी कोनं पाजलं?"

"पुस्तकात नाही ते."

"काऊन नाही? पाटील बेसुद, सून कोंडलेली, गडी पळाला. मुकं जनावर तसंच उभं?"

रोज हेच. कोठीचं दार केवढं, कडी आतून की बाहेरून, भाकर कोण नेऊन देतं. पण वाचन संपलं की एक प्रश्न ठरलेला, "इहीनबाई, सुटते का नाही ते, तेवढं सांगा." आता शेवट आधी वाचायचा नाही हा माझा नेम, तर मी काय सांगणार? मग जेवताना त्यांचा घास मध्येच थांबायचा. "तिले आज काही भेटलं नसन."

कागदातल्या सुनेसाठी एवढा जीव, मग माझ्या लेकीशी कशा वागतात या? मी हळूच फोन करून विचारलं. लेक हसली, "आई, त्यांनी मला कोंडलं ना, तरी दर पाच मिनिटांनी काहीतरी विचारायला दार उघडतील!"

शेवटी एकदाची कोठीची कडी सरकली. सून कपाशीतून डांबरी रस्त्याकडे चालू लागली, आणि लेखक तिथंच थांबला.

"एसटी भेटली का तिले?"

"भेटली असेल."

"असन, असन. रस्त्यावर आली म्हणजे भेटते." त्या दुपारी बाई घोरत झोपल्या.

या कादंबरीवर सिनेमा निघालाय, हे सांगायची अवदसा मलाच आठवली. निघायच्या आदल्या दिवशी शेजारच्या मास्तरीणबाईंनी टीव्हीवर लावून दिला. आधीच काळोखी सिनेमा, त्यात यांचा काळा चष्मा. "त्या पाटलाच्या घरात लाइट तं लावा बे कोनी," असं चाललं होतं. शेवटी कोठी उघडली. आत नुसती हाडं. म्हणजे सिनेमाभर अंगणात फिरताना दिसत होती ती सून नव्हती, तिचं भूत होतं.

विहीणबाईंच्या समोरचा चहा निवून गेला. मग म्हणाल्या, "पुस्तकात जित्ती होती ना हो ते? तुम्हीच तं वाचली."

"होती."

"मंग मारली काऊन? भूत केलं की कोनालेच दार उघडाव लागत नाही, म्हणून?"



सकाळी निघताना मी त्यांची ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ. त्यांनी पदर सावरला, टेबलावरच्या त्या कादंबरीचं शेवटचं पान हातानं चाचपून उघडलं आणि पदरातले चिमूटभर तांदूळ त्यावर ठेवले.

"हे काय?"

"तिची ओटी. जित्ती निघाली ना ते घरातून?"

त्यांची एसटी गेली. लायब्ररीत द्यायच्या आधी मी पुस्तक झटकलं. दोन दाणे शिवणीत अडकून बसले होते. ते मी काढले नाहीत.