आठ वर्षे आडवी

चैत्र शुद्ध द्वितीया: वैद्यबुवा. नातीची नाडीसुद्धा न पाहता 'पूर्वजन्मीचे भोग' म्हणून मोकळे झाले. वैशाख वद्य पंचमी: शाळेचे हेडमास्तर. नातीच्या प्रवेशाच्या अर्जास उत्तर नाही, स्मरणपत्रासही नाही. श्रावण शुद्ध सप्तमी: पंचवटीतील एका देवस्थानाचे कारभारी. त्यांनी माझ्या सुनेस वाढल्या पानावरून उठविले. या तिघांस मी जबाबदार धरीत होतो. चौथे नाव मला त्याच सप्तमीस कळले.

नात आठ वर्षांची आहे. जन्मापासून हातपाय ताठ, मानेत जोर नाही, वाचा नाही. प्रत्येक घोटाला ठसका लागतो, त्यामुळे तिला भरविण्यातच घराचा दिवस सरतो. सुनेला ऊन भात ठाऊक नाही, हळदीकुंकवाची बोलावणी केव्हाच थांबली, आणि मुलगा घरात बोलेनासा झाला. मी मात्र पत्रे लिहीत होतो.

त्या दिवशी पंगतीत सून तिला मांडीवर आडवी घेऊन बोंडल्याने पेज पाजत होती. पोरीला ठसका लागला आणि शिंतोडे शेजारच्या पानावर उडाले. कारभारी ओरडले, "बाई, उठा! पंगत बाटवलीत!" सून उपाशी उठली. घाटावर येऊन तिने उरलेली पेज तशीच आडवी पाजावयास घेतली. मी पायरीवर बसून कारभाऱ्यांस धाडावयाच्या नोटिशीचा मजकूर जुळवीत होतो, तोच सुनेने किंकाळी फोडली. पोर निळी पडली होती.

मी जागचा हललो नाही. "रामा!" एवढेच तोंडून निघाले.

खालच्या पायरीवर एक मुसलमान विणकरीण सुताच्या लडी धूत होती. ती धावत आली. मी सोवळ्यात होतो. तिला अडविण्यासाठी माझा हात उठला, हे लिहिताना लाज वाटते. तिने पोरीला हिसकून घेतले, पुढे वाकविले, पाठीवर थापट्या मारल्या. पेज बाहेर पडली आणि पोर रडली.

"बाबा, येवढ्या पोरीला आडवं पाजता व्हय?" ती म्हणाली. मग तिला दोन गुडघ्यांत ताठ बसवून, हनुवटी खाली धरून तिने बोटाने पेज चाटविली. ठसका लागला नाही. पुन्हा चाटविली. नाहीच.

"माझा लेक असाच व्हता," ती म्हणाली. "मला बी कुणी येळेवर सांगितलं नाय."

सून माझ्याकडे न पाहता बोलली, "मामंजी, मी पहिल्याच वर्षी विचारलं होतं, हिला बसवून पाजू का म्हणून."

विचारले होते. 'मान धरत नाही, आडवीच पाजा' हा निकाल माझा होता. त्यावर अपील करण्याची सोय मी घरात कोणालाच ठेवली नव्हती.

लडी उचलून ती बाई निघून गेली. नावही विचारायचे राहिले. मी रामाला हाक मारली आणि तो ज्या हातांनी आला, ते हात मी अडवू पाहत होतो. आता घरात सून सांगते आणि मी ऐकतो. पोर बसून जेवते, आणि तिच्या शेजारी सून ऊन भात खाते.

जबाबदारांतील चौथा मी. माझी कबुली वर छापली आहे. आता कारभाऱ्यांनी याच मासिकात जाहीर उत्तर द्यावे: येत्या रामनवमीस या मायलेकींची पाने पंगतीत मांडणार की नाही?