कंडक्टरमामाचा टावर

कंडक्टरमामा टावरच्या जिन्यावरबी लोकांना एसटीत चढवल्यावानी चढवायचे. शाळेची पोरं आली की खालून वरडायचे, "पुढं सरका, वर लई जागा हाय."

उदगीरच्या अलीकडं माळावर, दुसऱ्या म्हायुद्धाच्या वक्ताला बांधलेला, इमानं उतरवायचा टावर हाय. इमानं कवाच बंद झाली, आता तिथं शेरडं चरतात. एसटीतून रिटायर झाल्यावर मामांनी टावरमधी म्युझियम मांडलं. म्युझियम म्हणजे काय, तर एक गंजकी खुर्ची, हातानं फिरवायचा भोंगा, तुटका फोन. गावातले म्हणायचे, "मामा, भंगारवाला आलाय, काढता का?"

"आधी तुला घालतो त्याच्या गाड्यावर."

त्यांच्या मायनं ह्याच धावपट्टीचा मुरूम डोक्यावर वाहिला होता, पोटापायी. ते कुणाला सांगत न्हवते. मला सांगितलं, कारण म्याबी दुष्काळी कामावर खडी फोडलेली.

मालक गेल्यावर म्या एकटीच, घर टावरच्या शेजारी. एक दिवस मामा म्हणाले, "बाई, झाडायला येता का?"

"पगार?"

"पगार मलाच न्हाई. खुर्ची हाय, बसा."

गेले. घरात बसून तरी कुणाशी बोलणार.

खरी चीज होती आतली भिंत. लढाईतल्या गोऱ्या शिपायांनी खिळ्यानं नावं कोरलेली, एकानं इमान काढलेलं. मामा वाचून दाखवायचे, "हा थामस. पोरगंच असंल, अक्षर वाकडं हाय."

मग रस्ता रुंद करायचं निघालं अन् टावर मधी आला. सरकारी साहेब बघायला येणार, त्यानं जुनं महत्त्वाचं म्हटलं तर टावर राहणार, न्हाई तर पडणार. घरी पाहुणा यायचा म्हटल्यावर आपण काय करतो? मामांनी चुना कालवला, नीळ टाकली. आतून-बाहेरून दोन हात मारले.

म्या म्हटलं, "मामा, नावांवरबी?"

"साहेबाला मळकी भिंत दाखवू का, बाई?"

टावर दसऱ्याच्या घरावानी झाला. साहेब आत आला, चारी बाजूला बघितलं. "तुमच्या अर्जातल्या फोटोत तर नावं होती. आता यात जुनं काय राहिलं?"

पाडायचं लिहून तो निघाला. साहेबाचा चहा तसाच निवला.

दुसऱ्या दिवसापासून मामा भिंत ओली करून करवंटीनं चुना खरवडायला लागले. लोखंड लावू देत न्हवते, अक्षर जाईल म्हणून. बोटं फुटली, धाप लागायला लागली. लेक आली, "बाबा, दवाखान्यात चला."

"एवढा थामस निघू दे."

थामस निघाला, इमानाचा एक पंख निघाला, अन् मामा पडले. दवाखान्यात मला म्हणाले, "मायनं डोक्यावर वाहिलं, बाई, अन् म्या झाकून टाकलं." म्या त्यांना पाणी पाजलं. तिथनं ते घरी आले न्हाईत.

पुढं पाडायच्या आधी साहेब परत आला. चुना निघालेल्या तुकड्यापुढं लई वेळ उभा राहिला. म्हणाला, "पाडायचं सध्या थांबवतो. सगळी भिंत निघाली तर काही करता येईल. पण काढणार कोण?"

"म्या."

"आजी, तुम्हाला वाचता येतं का?"

"न्हाई. पण बोटाला खाच लागती."

साहेब गेला. म्या भिंतीवर पाणी मारलं.