उन्हात न चालणारी गोळी

“ठोक्याचा ताल सुटलाय. याला अ‍ॅरिदमिया म्हणतात,” डॉक्टर म्हणाले. “परत झालं तर हृदय थांबूही शकतं.”

आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, खाटेवर पडून ऐकत होते. घरी चक्कर येऊन पडले, म्हणून मी त्यांना आष्टीहून नगरला आणलं होतं.

डॉक्टरांनी अमिओडॅरोन लिहून दिलं, म्हणजे ताल सांभाळणारी गोळी. तिनं थायरॉईड, म्हणजे गळ्यातली ग्रंथी, आणि फुप्फुसं बिघडू शकतात, म्हणून मधूनमधून तपासण्या करायला सांगितल्या. “आणि उन्हात जाऊ नका, कातडी भाजते.”

आता आम्ही ऊसतोडीची माणसं. आमच्यात नवरा-बायकोच्या जोडीलाच एक कोयता म्हणतात. तो तोडतो, ती मोळी बांधते. सावलीत ऊस कुठं असतो?

फडात गेल्यावर मालकांनीच तोड काढली. उन्हात जायचं त्या दिवशी गोळीला खाडा, काम बंद त्या दिवशी गोळी. मलाही ते लई पटलं. पण ऊसतोड रोजचीच, मग खाडेच पडत गेले. उन्हानं तोंडावर आलेली लाली दोनेक महिन्यांनी गेली, तेव्हा आम्हाला वाटलं, जमलं.

थंडी सरताना ते मोळी उचलता उचलता कोसळले. जीपमध्ये मी त्यांच्या छातीवर हात ठेवून बसले, तर आत नुसती फडफड. माझ्या हातात काहीच नव्हतं.

वाचले. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, “ताई, ही गोळी अंगात महिनोन्‌महिने राहते. एखादा दिवस सोडून उन्हाचा त्रास टळत नाही, आणि सोडतच गेलात तर ठोका सुटतो.”

“मग तोडीला जायचं कसं?”

“त्यांनी जायचं नाही.”

मला डॉक्टरांचा रागच आला. सांगायला काय जातंय! पण आमचं काम काय, हे त्यांनी आधी विचारलं नव्हतं आणि आम्हीही सांगितलं नव्हतं. तुमच्या घरी अशी गोळी आली तर आपलं काम काय, ते आधी सांगा. मनानं खाडे करू नका.

यंदा ते घरी राहिले. मी बहिणीच्या जोडीला अर्धा कोयता म्हणून निघाले.

“मला का म्हून मागं ठिवून चाललीस? व्हायचं ते हून जाऊ दे एकदा.”

“होऊ द्यायचं न्हाई, म्हणून,” मी म्हणाले, आणि ट्रकमध्ये चढून रडले.

रोज सकाळी फडातून फोन करते. गोळी घेतली का विचारते. “घेतली” म्हणतात. खरं का खोटं, मला इथून दिसत नाही. पण “घेतली” म्हणायला माणूस हाय, तेवढ्यावर मी कामाला लागते.