नळीतला रंग

हळदीच्या वावराला लागून स्विमिंग पूल आहे असं सांगितलं की नातेवाईक आधी माझ्या तोंडाकडं बघतात. पण आहे. कनेरगाव नाक्याच्या अलीकडं, ढाब्याच्या मागं, निळ्या फरशीचा. उन्हाळ्याचे तीन-चार महिने तो चालतो, हिंगोली-वाशीमहून माणसं लेकरं घेऊन येतात. उरलेलं वर्ष त्यात बेडकं पोहतात, तीही फुकट. त्याच्या कडेला पत्र्याची एक खोली आहे. तिथं मी बारा वर्षं नवऱ्यासोबत राहिले. पूल सांभाळायचं काम त्यांचं. गेल्या हिवाळ्यात जाळीनं पानं काढता काढता ते खाली बसले, ते परत उठले नाहीत.

त्यांच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यावर मालक आले. माणूस वाईट नाही, वयानं माझ्या लेकीएवढा.

"काकू, घाई न्हाई. शिजन सुरू होईस्तोवर ऱ्हा," म्हणाले. "मंग नवा माणूस येईल, त्याला खोली लागंल."

म्हणजे मार्च संपेपर्यंत. लेकीचं घर नांदेडला, दोन खोल्यांचं, त्यात तिचे सासू-सासरे. तिथं मी अंथरूण कुठं टाकणार, हे तिनंही विचारलं नाही आणि मीही काढलं नाही. त्या हिवाळ्यात मी किती कमी बोलले. ढाब्यावर दूध आणायला गेले की जे दोन शब्द व्हायचे तेवढेच. घरी येऊन भाजीत मीठ कमी झालंय असं मोठ्यानं म्हणायचे आणि स्वतःच घालायचे.

आता पूल उघडायचा म्हणजे काय, ते सांगते. नुसतं पाणी भरून भागत नाही. साबणाच्या डबीएवढी एक पेटी असते, तिला दोन पारदर्शक नळ्या. एका नळीत क्लोरीन कळतं, पिवळ्या छटांमध्ये. दुसरीत पीएच. तिच्यात पाच थेंब औषध टाकलं की पाणी पिवळ्यापासून गुलाबीपर्यंत कुठला तरी रंग धरतं. तो शेजारच्या पाच चौकोनांशी जुळवायचा. मधल्याशी जुळला की पाणी बराबर. वरच्या चौकोनाकडं गेला तर ॲसिड, खालच्याकडं गेला तर सोडा.

आणि माझ्या नवऱ्याला लाल, हिरवा, तपकिरी यांतला फरक दिसत नव्हता.

निळा तेवढा बिनचूक. जयंतीच्या मिरवणुकीतले निळे झेंडे ते माझ्याआधी ओळखायचे. पण लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात हिरवी म्हणून त्यांनी माझ्यासाठी विटकरी साडी आणली. मी हसले. ते हसले नाहीत. मग रात्री सांगितलं. तरुणपणी ड्रायव्हरच्या नोकरीसाठी गेले होते. ठिपक्यांच्या चित्रातला आकडा वाचता आला नाही, तिथून परत पाठवलं. घरी येऊन थाप मारली की गर्दी फार होती, नंबर लागला नाही. सासूबाई मरेपर्यंत तेच खरं धरून बसल्या. "कोणाला सांगू नको," एवढंच मला म्हणाले. ती साडी मी हिरवी म्हणूनच नेसले.

तर पुलाचं पाणी आम्ही दोघं मिळून बघायचो, पण दिसायचे ते एकटेच. नळी धरून ते भिंतीपाशी उभे राहायचे. मी चहा घेऊन जायचे. कपाला बाहेरून जितकी बोटं लावली, खालून तितवा चौकोन. मालक शेजारी उभे असले तरी त्यांना कधी पत्ता लागला नाही. रंग माझा, माप त्यांचं. पण माप टाकताना ते पुटपुटायचे, आणि बारा वर्षं ऐकून ते मलाही पाठ झालं.

पहिल्या वर्षी मात्र आमची चांगली फजिती झाली. मालकांच्या घाईपायी क्लोरीन जरा सैल हातानं पडलं होतं. नळीत वांग्यासारखा जांभळा रंग आला. असा चौकोनच पेटीवर नव्हता. मी आपली पाची बोटं लावली. त्यांनी ॲसिड ओतलं, आणि नेहमीसारखं सगळ्यांच्या आधी स्वतः पाण्यात उतरले. बाहेर आले तेव्हा डोळे सुजून लालभडक. आरशात बघून म्हणतात कसे, "एवढं काही न्हाई." त्यांना कुठं दिसणार होतं. नंतर औषधवाल्यानं सांगितलं की क्लोरीन फार झालं की पीएचची नळी असा खोटा रंग दाखवते. एक-दोन दिवस ऊन लागू द्यायचं, मग बघायचं.

नवा माणूस मार्चच्या मध्यात नांदेडहून आला. चाळिशीचा, कामाचा, खिशाला दोन पेनं. तिथं नळाच्या पाण्यावर काम केलेलं. आमच्या बोअरच्या पाण्यात लोह आहे. ते दोन दिवस हौदात निवळू द्यायचं, वरचं तेवढं पुलात घ्यायचं. हे त्याला कोणी सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. खरं बोलायचं तर मुद्दामच. त्यानं थेट बोअर सोडली, वर क्लोरीनची पावडर टाकली, आणि तासाभरात पूलभर कोरा चहा. मी दारात बसून लसूण सोलत होते. बरं वाटलं, हे कबूल करते. त्यानं तुरटी टाकून ते खाली बसवलं, गाळ ओढून काढला, दोन दिवसांत पाणी नितळ केलं. तेव्हा बरं वाटणं गेलं. उघडायला तीन दिवस राहिले होते. मी पातेली पोत्यात भरायला घेतली.

त्या सकाळी मालक आले. क्लोरीन कमी पडायला नको म्हणून नव्या माणसानं रात्री आणखी दोन डबे टाकले होते. नळीत थेंब टाकून त्यानं ती उन्हात धरली. मला दारातूनच दिसली. जांभळी.

"पीएच लई चढलाय, साहेब," तो म्हणाला. "दोन कॅन ॲसिड सोडावं लागंल."

कॅनचं झाकण त्यानं उघडलंसुद्धा. पूल उघडला की यात पहिल्यांदा कोण उतरणार, हे मला माहीत होतं. मालकांची पाच वर्षांची लेक. उद्घाटन तिच्या हातून होतं.

मी उठले. पण दारातच थांबले. रंग मला कळतो असं म्हटलं, तर पुढचा प्रश्न ठरलेला होता. मग बारा वर्षं नळी कोण वाचत होतं? गेलेल्या माणसानं माझ्याजवळ एकच गोष्ट ठेवायला दिली होती.

"ते टाकू नका," मी म्हटलं.

दोघांनी वळून बघितलं.

"काहून?" नव्या माणसानं विचारलं.

"हा रंग खोटा हाय. पेटीवर हाय का बघा असा? क्लोरीन लई झालंय. उद्याचं ऊन लागू द्या, मंग बघा. ॲसिड टाकलं तर डोळे जातील लेकरांचे."

त्यानं पेटी पुन्हा पुन्हा फिरवून बघितली. रागावला नाही. "काकू बराबर बोलून राहिल्या बहुतेक," म्हणाला, आणि झाकण लावलं.

मालक माझ्याकडं बघतच राहिले. "काकू, तुमाला हे कसं कळतं?"

"यांनी शिकवलं," मी म्हटलं. "रंग वळखायचं समदं यांनीच शिकवलं."

"व्हय," मालक म्हणाले. "काकांची नजरच तशी व्हती."

दुसऱ्या दिवशी दुपारी नळीत चौथा चौकोन आला. बादलीभर पाण्यात अर्धा मग ॲसिड, खोल बाजूला, मोटर चालू ठेवून. माप मी सांगितलं. संध्याकाळी तिसरा चौकोन आला. नव्या माणसाला तसंही बायको-लेकरं सोडून या खोलीत राहायचं नव्हतं. मोटर-फिल्टरसाठी आठवड्यातून एकदा येतो म्हणाला. रोजचं पाणी आणि खोली मालकांनी माझ्याकडंच ठेवली. मी पातेली पोत्यातून काढली.

पूल उघडला त्या दिवशी मालक येईल त्या पाहुण्याला सांगत होते. आमचे काका होते, रंग बघून पाणी ओळखायचे, अशी नजर आता कुठं मिळत नाही. मी मान डोलवत होते. लांबच्या एका गावचे सरपंच तर म्हणाले, अशा माणसाचा फोटो लावायला पाहिजे.

संध्याकाळी सगळे गेल्यावर खोलीत आले आणि मला हसू फुटलं. भिंतीला टेकून, पोट धरून हसले. मग दुसरं कोणी हसत नाहीये हे ऐकू आलं, आणि थांबले.