परवायिल्लै

माझ्या चुलतसासऱ्यांइतकं सचोटीने खोटं बोलणारा माणूस सगळ्या तंजावूरात सापडणार नाही. काकांचा जन्म शाळेत गणित शिकवण्यात गेला, त्यामुळे ते जगातल्या प्रत्येक गोष्टीला गुण देतात: रसमला, टाउन बसच्या ड्रायव्हरला, एकदा तर माझ्या किराणाच्या यादीला. शंभरापैकी ब्याण्णव. मोहरी दोनदा लिहिली म्हणून आठ कापले. मी याद्यांवर जगणारी बाई. ते आठ गुण मला अजून बोचतात. कुणाला जेमतेम पास करायचं असलं की ते तमिळमध्ये म्हणत, "परवायिल्लै." म्हणजे ठीक आहे, किंवा चालेल, किंवा जाऊ दे. नेमकं काय, ते ज्याचं त्याने समजायचं.

पार्किन्सन्स झाल्यावर त्यांनी त्यालाही गणितासारखं सोडवायला घेतलं. शर्टांना टिचबटणं लावून घेतली. पाय जिथे जमिनीला चिकटून बसे, तिथे फरशीवर खडूने रेघा मारल्या. रेघ ओलांडायची म्हटलं की पाय मुकाट्याने उचलतो, असा त्यांचा सिद्धांत. पाहुण्यांनाही त्या रेघांवरून चालवत आणि गुण देत. मला सत्तर मिळाले.

मग डॉक्टरांनी कुठे किती मदत लागते याचा तीस प्रश्नांचा तक्ता दिला. भरायला अर्थातच मी. तो पाहून चेन्नईची मुलगी ठरवणार होती, वडिलांजवळ इथेच माणूस ठेवायचा की त्यांना तिकडे न्यायचं. हे काकांना पक्कं ठाऊक होतं. आंघोळ? परवायिल्लै. जिना? परवायिल्लै. अंथरुणात कूस बदलणं? परवायिल्लै. मी 'अडचण नाही'वर भराभर खुणा करत सुटले. शेवटचा प्रश्न होता, बोललेलं इतरांना समजतं का? ते काहीतरी पुटपुटले. तीनदा विचारूनही ऐकू येईना. शेवटी खुर्ची ओढली आणि कान त्यांच्या तोंडाशी नेला.

"ह्यात नापास लिही, अम्मा," ते म्हणाले. "बाकीचे पण पुन्हा तपास."

सगळी दुपार आम्ही एकेका परवायिल्लैची फोड करत बसलो: कुठला 'जमतं'चा, कुठला 'जमत नाही, पण सांगवत नाही'चा. तिसांपैकी 'जमतं'चे अकराच उरले. एवढ्या हुशार माणसाने स्वतःचा पेपर इतका कडक तपासलेला मी पाहिला नव्हता. तक्त्याखाली मी माझी एक ओळ जोडली: 'जवळ बसून ऐकणारा माणूस हवा, इथलाच.' मुलीने तो फोनवर माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. मग माणूस ठेवायचं ठरलं, चेन्नई राहिली.

आता सकाळ-संध्याकाळ माणूस येतो आणि चारला मी. खुर्ची दर महिन्याला थोडी आणखी जवळ ओढावी लागते. काल त्यांनी माझी यादी मागितली, वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं आणि गुण सांगितले. कान अगदी ओठांशी नेला, तरी आकडा कळला नाही.

मी शंभर धरले.