बिबवेवाडीच्या चौकात माझा फोटो

मॉरिशसहून निघाले तेव्हा पुणे मला परदेश वाटणारच नाही, अशी खात्री होती. आमचे पणजोबा रत्नागिरीचे. घरी आम्ही क्रिओल (बेटावरची आमची बोली) बोलतो, पण मराठी मी शाळेत शिकले आणि पुढे हौसेने वाचत राहिले. खराडीतल्या एका आयटी कंपनीत सहा महिने फ्रेंच शिकवायचं होतं.

पुण्यात उतरल्यावर रिक्षावाल्याला विचारलं, "आपण मला बिबवेवाडीस न्याल का?"

त्याने मला नीट पाहून घेतलं. "नेऊ की. नाटकात काम करता का?"

घरमालकीण पानसेकाकूंनी किल्ली हातात दिली. "फ्रेंच शिकवता? शिकवा. पाणी सातला येतं आणि आठला जातं."

चौथ्या महिन्यात माझा पन्नासावा वाढदिवस आला. आमच्याकडे अशा दिवशी अख्खं कुटुंब अंगणात जमतं, गातो पिमां (डाळीचे तिखट वडे) तळतात, नाच होतो. इथे कोणाला सांगायचं? गप्प बसायचं ठरवलं. मात्र वर्गात तारखा शिकवताना उदाहरण म्हणून मी स्वतःचीच जन्मतारीख फळ्यावर लिहिली होती, हे विसरले.

त्या सकाळी दूध आणायला निघाले आणि चौकात थबकले. विजेच्या खांबांमध्ये माझा चेहरा लटकत होता. दारापेक्षा उंच, डोळ्यांवर काळा गॉगल. खाली अक्षरं: 'कार्यसम्राट भावी नगरसेविका मॅडम यांना वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा! शुभेच्छुक: फ्रेंच बॅच.'

व्हिसा शिकवण्याचा होता, निवडणूक लढवण्याचा नव्हे. पुढच्या विमानाने परत पाठवतील, या भीतीने मी तिथूनच वैभवला फोन केला. हा माझा चंद्रपूरचा विद्यार्थी.

"हॅपी बर्थडे मॅडम! फ्लेक्स पाहिला?"

"मी निवडणूक लढवणार आहे का?"

"अरे बाप रे! फ्लेक्सवाल्याकडे डिझाइन रेडी होतं ना जी. आम्ही फक्त फोटो बदलवला."

घरी पोहोचते तोच पांढऱ्या कपड्यांतले एक गृहस्थ चार माणसांसह दारात हजर. वॉर्डातले पुढारी, आबा.

"ताई, तुमी कुनाकडनं उभ्या ऱ्हाताय, तेवढं सांगा. आमची मंडळी तीन वर्सं तयारी करतीया."

घाबरले की माझं मराठी आणखीच पुस्तकी होतं. "महोदय, मी परदेशी नागरिक आहे. आपल्या सत्तेवर माझा कोणताही दावा नाही."

आबांनी विचार केला. "म्हंजे आमाला पाठिंबा देताय का?"

काकू आतून आल्या. "अहो, त्या मास्तरीण आहेत. मतदारयादीत माझंच नाव सापडत नाही, यांचं कुठून असणार?"

आबांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी लगेच फोन करून 'मंडळीं'ना, म्हणजे पत्नीला, बोलावलं आणि वहिनींनी मला ओवाळलं. तेवढ्यात वर्ग केक घेऊन आला. केक खायचा असतो, अशी माझी समजूत होती. माझ्या वाट्याला आलेला जवळजवळ सगळा गालांवर आणि कानांत गेला. काकूंनी सगळ्यांना शिरा दिला. चमचाभरच, पण दिला.

आबा म्हणाले, "फ्लेक्स ऱ्हाऊ द्या. फक्त ते 'भावी' झाका."

वैभवने शिडी लावून 'भावी'वर कागद चिकटवला. आता तिथे सरळ 'नगरसेविका' उरलं. दुसऱ्या सकाळी दोन बायका तुंबलेल्या गटाराची तक्रार घेऊन आल्या. कितीही समजावलं तरी हलेनात. शेवटी मीच अर्ज लिहून दिला: 'सविनय निवेदन की, प्रस्तुत गटार दीर्घकाळ अवरुद्ध आहे.' तीन दिवसांत गटार साफ झालं.

"सायबानं दोनदा वाचला," त्या म्हणाल्या. "म्हनला, कुनीतरी मोठं मानूस दिसतंय."

मग अर्ज लिहून घ्यायला रोज कोणी ना कोणी येऊ लागलं.

आता मी माझ्या बेटावर परतले आहे. नातेवाईक विचारतात, तिकडे परकं वाटलं का? वाटलं, बरेच दिवस वाटलं. पण गटार तुंबल्यावर लोक तुमचं दार वाजवायला लागले, की परकं राहायला सवडच मिळत नाही.