पडद्यावरचा सूर्य

गावात त्याला कुणी नावाने हाक मारत नसे. मावळत्या म्हणत. थोरल्या भावाच्या फोटो स्टुडिओत तो वर्षभर ओळखपत्रांचे फोटो काढी. हनुवटी वर, कान दिसू द्या, डोळे मिटू नका. आणि वर्षातून एकदा, जिथे रस्ता संपतो त्याच्याही पुढे, पाठीवर पिशवी टाकून चालत जाई. मावळता सूर्य टिपायला.

"घरामागे मावळतो तो काय सावत्र सूर्य आहे?" बायको विचारी.

"घरामागे विजेच्या तारा आहेत गं."

"मग तारांचा काढा. निदान जेवायला तरी घरी याल."

एका वर्षी चार दिवस चालून तो एका आटलेल्या खाऱ्या तळ्यावर पोहोचला. दोन संध्याकाळी ढगांनी खाल्ल्या. तिसऱ्या दिवशी ढगाला खालून चीर पडली, पांढरं मीठ तांब्यासारखं तापून निघालं आणि मधोमध पालथ्या पडलेल्या होडीची सावली लांबत लांबत त्याच्या पायापर्यंत आली. त्याने एकच फोटो घेतला. परतताना पायाच्या अंगठ्याचं नख गळालं, ते पुन्हा धड उगवलंच नाही.

दादाने फोटो पाहिला आणि म्हणाला, "स्टुडिओत गिऱ्हाइकामागे लावायला याचा पडदा करू." निगेटिव्ह शहरात पडदेवाल्याकडे गेली ती गेलीच. पडदा आला, भिंतभर. मावळत्याने त्यावरून हात फिरवला. तेव्हा त्याला आनंदच झाला होता, खोटं कशाला बोला.

गिऱ्हाईक विचारी, "पडदा कुठला हो?"

"परदेशातून मागवलाय," दादा सांगे. पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा मावळत्याने कॅमेऱ्यातून मान वर काढली. गिऱ्हाईक गेल्यावर दादा म्हणाला, "पिकतं तिथे विकत नाही, बाबा."

तो गप्प बसला. अकरा वर्षं गप्प बसला. लग्नाळू पोरी, नवी जोडपी, बाळंतिणी, सगळं गाव त्या तळ्यापुढे उभं राहून गेलं. फक्त सूर्यावर त्याने कुणाला येऊ दिलं नाही. "जरा डावीकडे सरका," एवढंच म्हणे.

मग वाचनालयाने फोटोंचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. प्रत्येक फोटोखाली काढणाऱ्याचं नाव. मावळत्याने पेटीतून त्या फोटोची जुनी, एकुलती एक प्रत काढली, चौकट करून घेतली.

"तुमचं नाव खरंच लावणार?" बायकोने विचारलं.

"छापून."

ती ठेवणीतले कपडे घालून बरोबर आली.

परीक्षक होते चित्रकलेचे म्हातारे मास्तर. त्या चौकटीपाशी आले आणि हसलेच. "अरे, हा तर तुमच्या स्टुडिओतला पडदा! माझ्या लेकीचा फोटो तूच काढलायस याच्यापुढे. चोरायचाच होता तर दुसऱ्या गावचा तरी पडदा बघायचास!"

जमलेले लोक खो खो हसले.

"मास्तर, आधी हा. पडदा नंतरचा."

"कशावरून? निगेटिव्ह आहे?"

पुरावा म्हणाल तर त्याच्या बुटात होता. पण पायाचं बिननखी बोट कुणाला दाखवायचं?

"दादाला विचारा," तो म्हणाला.

दादा पुढेच उभा होता, चार बड्या गिऱ्हाइकांच्या घोळक्यात. त्याने एकवार धाकट्याकडे पाहिलं, एकवार गिऱ्हाइकांकडे.

"पडदा परदेशातलाच," तो म्हणाला. "हा भोळा आहे हो, मास्तर. आवडला असेल, काढला असेल फोटो. माफ करून टाका."

मास्तरांनी माफ केलं. चौकट उतरवली. खालची चिठ्ठी काढायची मात्र राहून गेली. वडिलांच्या नावासकट त्याचं पूर्ण नाव दिवसभर कोऱ्या भिंतीवर होतं.

घरी जाताना बायकोने टोमणा मारला नाही. मारला असता तर वाट जरा लवकर सरली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टुडिओत एक नवं जोडपं आलं. "तो परदेशी पडदा हवा," नवरा म्हणाला.

"सोड रे पडदा," गल्ल्यावरून दादाने आवाज दिला.

मावळत्याने दोरी सोडली. तळं उतरलं, होडी उतरली. नवरदेव स्वतःच विचारता झाला, "डावीकडे सरकू का? मागच्या वेळी भावाला सरकवलं होतं तुम्ही."

"नको," मावळत्या म्हणाला. "उजवीकडे या. अजून थोडे. हां, तिथेच."

नवरदेवाच्या डोक्यामागे सूर्य पुरता झाकला गेला. मावळत्याने फोटो काढला.